बदकीणबाईचे दोन नवरदेव

डीलिया टिअर्ननने एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पेन्सिलीवरून शाई फिरवली. न्यूयॉर्कच्या सव्विसाव्या रस्त्यावर बायकांच्या टोप्या करणाऱ्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर हलत्या चित्रांचा कारखाना होता, तिथे ती एकोणीसशे पंधरा साली लागली. चित्रकार मंडळी त्याला ऐटीत स्टुडिओ म्हणत, कारण ती खिडक्यांपाशी बसत. मुली आतल्या अंधाऱ्या अंगाला बसत, त्यांना तो कारखानाच वाटायचा, आणि त्यांचंच खरं होतं.

चित्रकारांनी कागदावर कुत्रा काढायचा, मांजर काढायचं, त्यांना पळवायचं, आपटायचं, डोक्यात विटा घालायच्या. मग ते कागद गठ्ठ्यांनी मुलींकडे यायचे. मुलींनी कागद खुंट्यांवर बसवायचा, वर सेल्युलॉइडचा पारदर्शक तक्ता ठेवायचा आणि पेन्सिलीच्या रेघेवर शाईची रेघ ओढायची. एका सेकंदाच्या हसण्यासाठी सोळा फोटो. पडद्यावर नाव मात्र एकट्या मालकाचं, ज्याला धड मांजराचं शेपूट काढता येत नसे.

मालक काटकसरी, म्हणजे सरळ सांगायचं तर चिक्कू. फोटो काढून झाले की तेच तक्ते सोड्याच्या पाण्यात धुऊन पुन्हा वापरायचे. धुऊन धुऊन ते इतके धुरकट झाले होते की खालचं चित्र दिसेना, म्हणून प्रत्येक मेजाला काच बसवून काचेखाली दिवा लावला होता. कागदाचीही तीच गत. लढाईच्या दिवसांत कागद मिळेना तेव्हा हुकूम निघाला की रद्द झालेला कागद फेकायचा नाही, उलटायचा आणि मागच्या बाजूला नवं चित्र काढायचं. लढाई संपली, हुकूम राहिला. आणखी एक हुकूम होता. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात काढणाऱ्याची आद्याक्षरं आणि तारीख हवीच, कारण चित्रकार लोक मागच्या आठवड्यातलं काम आजचं म्हणून दाखवण्यात पटाईत. त्यांचं काम पुढे, मुलींचं सहा-आठ आठवडे मागे. त्यात गठ्ठे सरमिसळ वाटलेले, त्यामुळे अख्खी गोष्ट कुठल्याच मुलीला कळत नसे. ती थिएटरात जाऊन कळायची, तीही तिकीट काढून.

एकोणीसशे एकोणिसाच्या जानेवारीत नवं चित्र सुरू झालं. एक बोकड आणि एक बुलडॉग, दोघेही एका बदकीणबाईच्या मागे लागलेले. तो फुलं आणतो, हा फुलं खातो; तो गाणं म्हणतो, हा पियानो त्याच्या डोक्यावर टाकतो. बोकड लू फासबेंडरकडे होता आणि बुलडॉग एमेट रस्ककडे. बदकीण दोघांत वाटलेली.

लू ब्रुकलिनचा, जाडगेला, चौकड्यांचं जाकीट घालून शीळ वाजवत फिरणारा. एमेट ओहायोतल्या कुठल्याशा गावचा, सडपातळ, मोजकं बोलणारा. त्याची नखं स्वच्छ असत. शाईत हात बरबटलेल्या मुलींच्या नजरेत हे पहिल्याच दिवशी भरलं होतं.

आणि फेब्रुवारीत हे दोघंही डीलियाच्या मेजाभोवती घुटमळायला लागले.

तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. उंच, लांब मानेची, लाल केसांची. घरी फक्त आई. धाकटा भाऊ डेनिस मागच्याच ऑक्टोबरात लष्कराच्या छावणीत इन्फ्लुएन्झाने गेला होता, लढाईचं तोंडही न बघता. नवव्या रस्त्यावरच्या त्या दोन खोल्यांत मायलेकी एकमेकींशी फक्त बटाटे आणि कोळसा यांबद्दल बोलत. अशा घरातून आलेल्या बाईला कुणी "आज थंडी आहे, नाही?" असं विचारलं तरी बरं वाटतं. तिला तर दोघं दोघं विचारत होते.

"अगं बाई!" शेजारच्या मेजावरची गसी पोमेरान्झ म्हणाली. गसीची जीभ तिच्या टाकापेक्षा धारदार होती. "चार वर्षं एक माशी फिरकली नाही, आणि आता एका माशावर दोन बोके! कुठला साबण लावतेस ते मला तरी सांग."

"गप बस गं. ते शाई मागायला येतात."

"हो तर! स्वतःकडे पेन्सिल असलेली माणसं शाई मागायला येतात."

पंधरा फेब्रुवारीच्या शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली तेव्हा लू सगळ्या मुलींदेखत गुडघ्यावर बसला आणि त्याने डीलियाला कार्नेशनचा गुच्छ दिला. ती कानापर्यंत लाल झाली आणि गडबडीत तिने तो टाक धुवायच्या बरणीत खुपसला. दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमधून बाहेर पडते तर पायऱ्यांशी एमेट उभा, वर्तमानपत्रात गुंडाळलेली जिरेनियमची कुंडी घेऊन. "फुलं मरतात," तो एवढंच म्हणाला. डीलियाने कुंडी हातात घेतली, गोल गोल फिरवली आणि तिचं तोंड, म्हणजे जास्त फुलं असलेली बाजू, कुठे आहे ते शोधलं. मग ती बाजू एमेटकडे करून हसली. लूला अजून कळलं नव्हतं, पण त्याचा निकाल तिथेच लागला.

तरी नाही म्हणायला तिला पंधरा दिवस लागले. जिन्यात गाठून तिने लूला सांगितलं, "मिस्टर फासबेंडर, तुम्ही फार चांगले आहात, पण माझं मन दुसरीकडे आहे." लूने टोपी काढून छातीशी धरली. त्याचा खालचा ओठ थरथरला. मग तो जाडगेला माणूस हळूहळू पायरीवर बसला आणि त्याने डोकं कठड्याला टेकलं. डीलियाला दोन दिवस घास गिळवेना. शनिवारी तिने चर्चमध्ये पाद्रीबाबांकडे कबुली दिली की एका सज्जन माणसाला आपण आशेला लावून त्याचं मन मोडलं. पाद्रीबाबांनी दहा प्रार्थना सांगितल्या. तिने पंधरा म्हटल्या. तेवढ्या अपराधाला दहा फारच स्वस्त वाटल्या.

नऊ मार्चच्या रविवारी एमेट तिला स्टेटन आयलंडच्या फेरीबोटीवर घेऊन गेला. वारा सुटला होता, डेकवर दुसरं कुणी नव्हतं. तिथे ती डेनिसबद्दल पहिल्यांदा बोलली. छावणीतून बंद शवपेटी आली, उघडू दिली नाही, आत तोच होता की नाही कुणास ठाऊक, हे ती कुणाजवळ बोलली नव्हती, आईजवळ तर नाहीच. बोलता बोलता बांध फुटला. रुमाल सापडेना म्हणून तिने डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्यात तोंड खुपसून ती रडली, अगदी लहान पोरासारखी. एमेट वाऱ्याच्या बाजूला आडोसा करून नुसता उभा राहिला. डीलियाला वाटलं, हाच.

सहा एप्रिलला त्याने मागणी घातली. ती म्हणाली, ईस्टरच्या रविवारी घरी जेवायला ये, तेव्हा सांगते. सांगायचं काय हे दोघांनाही माहीत होतं. आईला वळवायला तिला दोन आठवडे हवे होते इतकंच.

कारण मायलेकी कॅथलिक आणि एमेट मेथडिस्ट, म्हणजे प्रॉटेस्टंट. आईने पहिल्या दिवशी भांडी आपटली, दुसऱ्या दिवशी डेनिसचं नाव काढलं, तिसऱ्या दिवशी बोलणंच बंद केलं. आयुष्यात कधी आईला उलट शब्द न बोललेली डीलिया त्या दिवसांत काय काय बोलून गेली! "मला इथेच म्हातारी करून ठेवायचंय का तुला?" असंही बोलली. मग एका सकाळी आई शाल पांघरून एकटीच पाद्रीबाबांकडे गेली आणि परत येऊन चुलीपाशी बसत म्हणाली, "ते म्हणतात, चर्चच्या मागच्या खोलीत लग्न लावता येईल. मुलं आपल्या धर्मात वाढवायची असं त्याने लिहून द्यायचं."

"देईल तो, आई."

"देईल गं. पण हे मेथडिस्ट लोक खातात काय? डुकराचं मांस चालतं ना त्याला? ईस्टरला मी काय नुसती कोबी वाढू?"

डीलियाने तिला मिठी मारली. एवढा आनंद त्या घराला झेपण्यासारखा नव्हता.

ईस्टरच्या आधीचा बुधवार. डीलियासमोर नवा गठ्ठा आला, बुलडॉग बदकीणबाईला कुंडी देतो त्या प्रसंगाचा. तिला गंमत वाटली. 'मेला चोर,' ती मनात म्हणाली, 'माझीच कुंडी चित्रात घातली.' बदकीण कुंडी गोल फिरवून तिचं तोंड शोधत होती, हुबेहूब तिच्यासारखं. कोपऱ्यात ए. आर., सतरा फेब्रुवारी. कुंडी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशीची. गालातल्या गालात हसत तिने पहिला तक्ता ठेवला.

पण काचेखालचा दिवा दोन्ही बाजूंचं दाखवतो. समोरच्या बदकिणीच्या पोटातून दुसरी एक बदकीण दिसत होती, उलटी. डीलियाने कागद उलटला. मागे रद्द केलेलं चित्र होतं. त्यातही कुंडी होती, फक्त बदकीण तिचा वास घेऊन शिंकत होती. त्यावर निळ्या पेन्सिलीची फुली आणि एमेटच्या बारीक अक्षरात एक ओळ: 'ती असं करत नाही. फिरवून बघते.' कोपऱ्यात तारीख, बारा फेब्रुवारी.

कुंडी तिला सोळाला मिळाली होती. चित्र आधीचं होतं.

तिने पुढचा कागद उलटला. मग त्याच्या पुढचा. पाचव्या कागदाच्या मागे दोन वेगळ्या हातांची अक्षरं होती. एमेटचं: 'लू, शनिवारी तू फुलं दे, रविवारी मी कुंडी देतो. कशाला कशी वागते बघू.' आणि त्याखाली लूचं ऐसपैस अक्षर: 'कबूल! लाजली की मान लांब करते, ती मान बदकिणीला घाल. नाही म्हणाली की मी जिन्यात बसेन. बोकडासाठी मला ते हवंच आहे.'

डीलियाने दिवा मालवला. तिला पहिल्यांदा आठवल्या त्या पंधरा प्रार्थना. ज्या पापाबद्दल गुडघे टेकले ते पाप नव्हतंच, बोकडाचा अभिनय होता.

"काय झालं?" गसीने विचारलं. डीलियाने कागद पुढे केले. गसीने वाचले आणि टाक खाली ठेवला.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत डीलियाने एमेटला बाहेरच्या लोखंडी जिन्यावर बोलावलं आणि कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो बघितला. तिच्याकडे बघितलं नाही.

"लूची कल्पना," तो म्हणाला.

"अक्षर तुझं आहे."

"अगं, आम्ही सगळेच असं करतो. मालकाच्या चालण्यावरून अस्वल केलं, गसीवरून पोपट केला. बाई लाजते कशी, चिडते कशी, हे कुठून आणायचं? आरशापुढे लूने लाजून दाखवलं तर रेडा लाजल्यासारखं दिसतं."

"म्हणून मला लाजवलंत. दोघांनी ठरवून."

"सुरुवातीला. फक्त सुरुवातीला, डीलिया! मग खेळ राहिला नाही तो."

"कधीपासून राहिला नाही?"

त्याने कागदाची घडी घातली.

"कुठल्या दिवसापासून खरं झालं, तेवढं सांग. तू तर सगळ्याला तारीख घालतोस."

मग वर बघून, पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "फेरीवर. तू डेनिसचं बोललीस तेव्हा. त्या दिवसापासून सगळं खरं आहे. आईची शपथ."

त्याचे डोळे पाणावले होते. डीलियाने लूच्या थरथरत्या ओठाला एकदा फसून पाहिलं होतं, पण हे तसं वाटलं नाही. आणि तिला ते खरं असायला हवं होतं, हेही होतंच. ती आईशी इतकं भांडली होती, आईने देवाच्या दारात जाऊन शब्द टाकला होता, त्यासाठी तरी काहीतरी खरं असायलाच हवं होतं. नऊ मार्चच्या आधीचं सगळं सोडून द्यावं, तिने ठरवलं. पुढचं उरलं तरी आयुष्याला पुरेल. त्या संध्याकाळी घरी आली तर आई मनुका घालून पाव भाजत होती आणि म्हणाली, "चेहरा का उतरलाय? नवरी व्हायचं ठरलं तेव्हा माझाही उतरला होता." डीलिया हसलीसुद्धा.

शनिवारी सकाळी मेजावर शेवटचा गठ्ठा होता. चौसष्ट कागद, ए. आर., दहा मार्च.

बदकीणबाई होडीच्या कठड्याशी उभी आहे. एका बाजूला बोकड, एका बाजूला बुलडॉग, कुणाला हो म्हणावं ते तिला कळत नाही. तिला रडू फुटतं. रुमाल सापडत नाही. ती डोक्यावरची टोपी काढते, तिच्यात चोच खुपसते आणि हुंदके देते, एकेका हुंदक्याला तिची शेपटी वर उडते. रडून झाल्यावर ती टोपी पुन्हा डोक्यावर ठेवते आणि बादलीभर पाणी धो धो खाली येतं. बुलडॉग शांतपणे छत्री उघडतो.

डीलियाने कागद उलटले. मागच्या बाजू कोऱ्या होत्या. फुली नाही, दुरुस्ती नाही. एकदाच काढलं होतं, फेरीच्या दुसऱ्याच सकाळी, एका दमात.

तिने दिवा लावला, टाक शाईत बुडवला आणि चौसष्टच्या चौसष्ट तक्ते पुरे केले. गसी म्हणाली, "दे इकडे, मी करते." डीलियाने मान हलवली. एकही रेघ हलली नाही. आपला केसाने गळा कापला गेला आहे आणि आपण त्यावर शाई फिरवतो आहोत, हे तिला प्रत्येक रेघेला कळत होतं.

ईस्टरच्या दुपारी एमेट नव्या कॉलरमध्ये आला तेव्हा ती त्याला जिन्याखालीच भेटली. वरून मांस भाजल्याचा वास येत होता.

"दहा मार्च," ती म्हणाली.

त्याला लगेच कळलं. तो भिंतीला टेकला. "डीलिया, ते थट्टा म्हणून काढलं नाही मी. रात्रभर तूच डोळ्यांपुढे होतीस. मनात जे भरलेलं असतं तेच हातातून येतं, मला दुसरं काही जमतच नाही."

"माझ्या मनातलं तुझ्या हातातून का यावं?"

"ते काढून टाकतो," तो म्हणाला. "मालकाला सांगतो. नवा प्रसंग काढतो."

"काल फोटो निघाले. शाई भरून तक्ते मीच दिले." मग ती म्हणाली, "घरी जा, एमेट. आई खिडकीत आहे, तिला वाटेल तू वर येतोयस."

आईला तिने खरं सांगितलं नाही. कसं सांगणार? सांगायचं तर ती फेरी सांगावी लागली असती, आणि ती बंद पेटी. आई आपल्याच मनाने समजली की पोरीने धर्मासाठी, आपल्यासाठी त्याला परत पाठवला. आधी तिला अभिमान वाटला. मग पंधरा दिवसांत त्याचीच तिला टोचणी लागली, आणि ती डीलियाच्या ताटात मोठा बटाटा वाढू लागली.

एमेट त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाला गेला. लू राहिला. तो मेजाजवळून जाताना शीळ बंद करायचा, आणि एकदा म्हणालासुद्धा, "अहो मिस टिअर्नन, एवढं मनावर घ्यायचं नसतं, विनोद होता तो." डीलियाने त्याच्याकडे बघितलं आणि त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

जूनमध्ये चित्र नवव्या रस्त्यावरच्या थिएटरात आलं. डीलिया गेली नाही. आईला मात्र खालच्या मजल्यावरची मिसेस गेगन ओढून घेऊन गेली, पंख्याची हवा तरी मिळेल म्हणून. संध्याकाळी डीलिया कामावरून आली तर जिन्यातूनच आवाज ऐकू आला. तिला आधी ओळखू येईना. दार उघडलं तर आई टेबलाला धरून हसत होती, डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती. डेनिस गेल्यापासून ती हसली नव्हती.

"अगं डीली, ती बदकीण! मेली टोपीत रडते काय, आणि मग ती टोपी... ती टोपी डोक्यावर..." तिला पुढे बोलवेना. तिने चहाचं रिकामं भांडं उचलून डोक्यावर उपडं धरलं आणि पुन्हा हसत सुटली. "सगळं थिएटर लोळत होतं गं! तुमच्याकडचंच ना ते? कुणाला सुचलं?"

"एमेटला," डीलिया म्हणाली.

आईचं हसू ओसरलं. तिने भांडं खाली ठेवलं आणि लेकीचा हात हातात घेतला. "गुणी होता गं पोरगा. इतकं हसवणाऱ्या माणसाच्या मनात वाईट काय असणार? माझ्यापायी घालवलास तू त्याला." आणि तेवढ्यात तिला ती टोपी पुन्हा आठवली, आणि ओठ दाबूनही हसू बाहेर आलंच.

डीलियाच्या ओठांपर्यंत सगळं आलं होतं. फेरी, पेटी, दहा मार्च. एका वाक्यात आईच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. पण ते वाक्य ऐकल्यावर आई पुन्हा हसली नसती.

"पुढे काय होतं चित्रात?" तिने विचारलं, आणि खुर्ची ओढून ती ऐकायला बसली.